चहा म्हणजे कोणता चहा

मी एक जुनी भुईवेल आहे, मित्रांनो. तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, पण माझा वास तुमच्या घरात नक्की येऊन गेला आहे. आजोबांचा गुडघा धरतो किंवा खेळताना तुमचा घोटा मुरगळतो, तेव्हा कपाटातून मलमाची डबी निघते. तिचे झाकण उघडताच नाकात जो थंड, गोडसर, जरा झोंबणारा वास शिरतो, तो मुळात माझा. आता तो कारखान्यातही करतात असे ऐकते. करोत बापडे.

डबीवर माझे नाव विंटरग्रीन असे लिहितात. हिवाळ्यातही हिरवी राहणारी, असा त्याचा अर्थ. पण पेन्सिल्व्हेनियाच्या ज्या डोंगरात मी जन्मले, तिथे या नावाने मला कुणी हाक मारत नसे. तिथे मी डोंगरी चहा. रोजच्या बोलण्यात तर नुसताच चहा. या एका शब्दापायी माझ्या डोळ्यांदेखत एक पोर गेली. ती हकीकत तुमच्यासारख्या मुलांनी ऐकावी असे मला फार वाटते, म्हणून सांगते.

आधी माझ्याविषयी थोडे. उंच काळ्या पाइनच्या झाडांखाली, जिथे उन्हाचे नुसते कवडसे पडतात, तिथे मी वाढले. माझे खोड जमिनीखालून सरपटत जाते आणि जागोजाग वर डोके काढते. वीतभरसुद्धा उंची नाही. पाने जाड, चकचकीत, चामड्यासारखी. उन्हाळ्यात पानांच्या आडून मोत्याएवढी पांढरी फुले मान खाली घालून लोंबतात, आणि शरद ऋतूत त्यांची लाल फळे होतात. ही फळे थंडीला भीत नाहीत. बर्फाखाली महिनोन्महिने तशीच राहतात आणि गारठ्याचा तडाखा बसला की आणखी गोड होतात. रानकोंबड्या बर्फ उकरून ती खातात. हिवाळाभर झोपून उठलेले भुकेले अस्वल पहिल्यांदा माझ्याकडेच येते.

आणखी एक गोष्ट सांगते. माझ्या अखंड पानाला वास नसतो. नाकाला लावून पाहा, काही येणार नाही. पान फाडले, चुरडले, म्हणजे मग वास सुटतो. जखम झाल्याशिवाय मी गंध देत नाही.

माणसांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. डोंगरउतारावर, माझ्या खालच्या अंगाला एक लाकडी घर होते. त्या घराची मालकीण लोव्हायना. विधवा, ताठ कण्याची आणि सडेतोड जिभेची. तिचे माहेर खालच्या सपाटीवरचे, शेतकऱ्यांचे. दर शरद ऋतूत ती टोपली घेऊन येई, माझी पाने खुडी, चुलीवरच्या दोरीला टांगून वाळवी आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवी. हिवाळाभर त्याच पानांचा चहा. सर्दीला चहा, तापाला चहा, पोट बिघडले तरी चहा. एका किटलीला दोन चमचे वाळलेली पाने. तो चहा पिऊन कुणाचे कधी वाईट झाले नाही. तिची मुले त्याच्यावरच वाढली.

पण डोंगरापलीकडच्या खोऱ्यात माझ्यावर पोट भरणारी दुसरी माणसे होती. ती भट्टीवाली. त्यांना किटलीपुरती पाने नको होती, पोतीच्या पोती हवी असत. ती माणसे मला ओरबाडून नेत, रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालत, मग तांब्याच्या भट्टीत कोंबून खाली जाळ करत. वाफ निघे. ती नळीतून जाई. नळी ओढ्याच्या गार पाण्यातून फिरवलेली असे. शेवटी बरणीत पाणी पडे आणि पाण्याबरोबर माझे तेल. तुमची खोबरेलसारखी तेले पाण्यावर तरंगतात. माझे तेल जड. ते गुपचूप तळाला जाऊन बसते. पाल्याच्या केवढ्या ढिगातून ते एवढेसे निघते, हे पाहिलेत तर तुम्हाला पटणार नाही. अख्ख्या उतारावरच्या माझ्या सगळ्या पानांचा कडकपणा एका बरणीत येऊन बसतो. शहरात गोळ्या-बिस्किटे करणारे त्यातला थेंब थेंब वापरत. भट्टीवरची म्हातारी माणसे गुडघे धरले की साखरेवर एखादा थेंब टाकून चघळत. तेवढेच.

लोव्हायनाचा मुलगा अमँडस. त्याने भट्टीवाल्या युरायसची मुलगी केली. तिचे नाव सव्हिला. लग्नानंतर सासऱ्याकडून अमँडस धंदा शिकला आणि ओढ्याकाठी त्याने आपलीही एक भट्टी घातली. अशी दोन घरची माणसे एका छपराखाली आली. आणि दोन घरचे शब्दही.

पहिल्याच शरद ऋतूतली गोष्ट. लोव्हायना, नवी सून आणि शेजारची केटुरा माझी पाने खुडायला आल्या होत्या.

"घरातला चहा संपत आला बघ," लोव्हायना म्हणाली.

"असा कसा संपेल? फळीवर दोन बरण्या भरून आहे की," सव्हिला म्हणाली.

"दोन बरण्या? मग मला कशा दिसल्या नाहीत?"

"रोज तर पिता तुम्ही, आई."

लोव्हायना खुडायची थांबली. "बाई गं, तू कशाबद्दल बोलतेस?"

"चहाबद्दल. भट्टीतल्या. तुम्ही सकाळी चहा पिते म्हणालात, तेव्हा माझी छातीच दडपली. आमचे बाबा साखरेवर थेंब घेतात आणि तोंड वाकडं करतात. म्हटलं, सासूबाई भलत्याच धीट दिसतात. कपभर घेतात."

केटुरा हसता हसता खाली बसली. "लोव्हायना, ऐकलंस का? तुझी सून तुला इतके दिवस तेल पिणारी समजत होती."

"तरीच रोज सकाळी माझ्याकडे अशी टकामका बघायची," लोव्हायना म्हणाली, आणि तीही हसली. "अगं वेडे, ही पानं म्हणजे चहा. बरणीतलं ते तेल."

"आमच्याकडे पानांना पाला म्हणतात," सव्हिला लाजून म्हणाली. "भट्टीतून उतरतो तो चहा. आमच्याकडे पाला कुणी पीत नाही, आई. आमच्याकडे कॉफी."

"मग आता आमच्याकडचं शिक. पाला गुरांना."

तिघी हसल्या. पुढे कितीतरी वर्षे केटुरा सव्हिलाला रस्त्यात गाठून विचारी, "काय गं, सासूने आज किती बरण्या रिचवल्या?" शब्दाचा काटा हसण्यावारी निघून गेला असे सगळ्यांना वाटले. तो निघाला नव्हता, मित्रांनो. तो आत मोडून राहिला होता.

त्या घरात सव्हिलाची एल्मायरा जन्मली. पाच वर्षांची होईपर्यंत ती माझ्या अंगाखांद्यावर वाढली म्हणा ना. काळेभोर डोळे, समोरचा एक दात पडलेला. तिला माझ्या पानांची युक्ती कळली होती. कुणीही भेटले की ती एक सबंध पान त्याच्या नाकाशी धरी. "येतो वास?" समोरचा नाही म्हणे. मग ती पान फाडून पुन्हा धरी. "आणि आता?" पाहुण्यांना, पाद्रीबाबांना, सगळ्यांना तिने हे करायला लावले होते. एकदा म्हातारा युरायस तिला म्हणाला, "पोरी, आयुष्यभर याच वासात लोळलोय मी. माझं नाक कधीच गेलं." तेव्हा तिने ते पान त्याच्या मिशीत खोचून ठेवले.

त्या वर्षी नाताळच्या आधी आजी-नात फावडे घेऊन आल्या. फळांनी लगडलेला माझा एक तुकडा त्यांनी मुळांसकट, शेवाळासकट उचलला आणि काचेच्या वाडग्यात लावला. त्या डोंगरात तशी रीतच आहे. बाहेर सगळे पांढरे झालेले असते, तेव्हा घरात थोडे हिरवे आणि लाल असावे. तुमच्याशी बोलते आहे ती मी तोच तुकडा. मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. तिथून चूल दिसे, जेवणाचे टेबल दिसे, तेलाच्या बरण्यांची फळी दिसे, आणि वरच्या खोलीकडे जाणारा अरुंद जिना दिसे.

नाताळ छान गेला. कुट्टूच्या पिठाची धिरडी झाली, सफरचंदाचा आटवलेला गर झाला. एल्मायरा येता-जाता माझे एखादे फळ चोरून खाई आणि आजी न पाहिल्यासारखे करी.

मग दिवस फिरले. नव्या वर्षात लोव्हायना हापशाजवळच्या बर्फावरून घसरून पडली आणि तिचे कमरेखालचे हाड मोडले. तिला वरच्या खोलीत तिच्या पलंगावर नेऊन निजवले. उठायची सोय नव्हती. बर्फात भट्टी बंद असते, म्हणून अमँडस दूरच्या रानात लाकूडतोडीला गेला होता. घरात सव्हिला एकटी. खाली पोर, वर सासू, बाहेर गुरे.

आणि एल्मायराला ताप आला.

तो उतरेना. सव्हिलाने तिचे अंथरूण चुलीजवळ आणले. पायांना ओल्या पट्ट्या बांधल्या, तळव्यांना कांदा चोळला. पोर ग्लानीत पडून राहिली. सव्हिलाच्या डोळ्याला डोळा नव्हता. दोन दिवस हे चालले. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्हिला जिन्याच्या पायथ्याशी आली. पोर कडेवर होती. तिला खाली ठेवले की ती रडत असे. तिथूनच तिने वर हाक मारली.

"आई, ताप हटत नाही हो."

"घाम आला का?" वरून लोव्हायनाचा आवाज आला.

"टिपूस नाही."

"मग चहा दे तिला. दोन चमचे घे. मध घाल, म्हणजे कुरकुर करणार नाही. आणि गरम गरम पाज."

सव्हिलाने पोरीकडे पाहिले. "दोन चमचे? एवढ्याशा पोरीला?"

"अगं, दोन म्हणजे काय जगावेगळं आहे? अमँडसला मी तीन-तीन घालून पाजलाय. घाम फुटेल आणि ताप निघेल. घाबरू नकोस."

"बरं, आई."

मित्रांनो, माणूस घाबरले की माहेरच्या शब्दांत ऐकते. शहाणीसुरती बाई ती. त्या डोंगरातली थट्टा तिला पाठ होती. पण झोपेवाचून डोळे चुरचुरत होते, कडेवर लेकरू तापाने फणफणत होते, आणि ज्या सासूने एवढी मुले वाढवली ती वरून ठामपणे चहा दे म्हणत होती. तिच्या कानांनी चहा हा शब्द ऐकला आणि तिचा हात लहानपणापासून जिकडे जायचा तिकडे गेला. फळीकडे. बाबा गुडघ्यासाठी थेंब घेतात, हे तिला आठवलेही असेल. पण हा गुडघा नव्हता, हा वणवा होता. मोठ्या दुखण्याला मोठी मात्रा, असे तिने मनाशी म्हटले असेल.

पत्र्याचा डबा चुलीच्या वरच होता. ती त्याच्याखालून गेली.

तिने दूध कोमट केले, मध घातला आणि बरणीतून चमचा भरला. एक चमचा ओतला. दुसरा भरला, त्याच्याकडे पाहिले आणि अर्धा परत बरणीत सोडला. दोन फार होतील, असे तिला वाटले. आईची माया हो ती. तिने आपल्याकडून कमीच केले.

एल्मायरा दोन घोट प्यायली. "आई, जत्रेतल्या गोळीसारखं लागतंय."

"हो ना? पी मग, राणी."

"पण झोंबतंय."

"झोंबू दे. ताप पळेल. एका दमात संपव बघू."

तिने संपवले. शहाणी पोर.

माझा वास सगळ्या घरभर झाला. मी खिडकीत बसून तो घेत होते. मी अशी दाट, अशी कोंडलेली कधी झाले नव्हते. वास चुलीवरून उठला, छताला लागला आणि जिन्यावरून वर गेला.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला. "सव्हिला, तेलाची बरणी फुटली का गं?"

"नाही, आई."

"मग एवढा वास कसला येतोय?"

"एल्मायराला चहा दिला ना. तुम्ही सांगितलात तो."

लोव्हायनाने अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून विचारले, "कोणता चहा?"

"बरणीतला."

"डब्यातला नाही? पत्र्याच्या?"

"तो पाला ना, आई?"

हे तोंडातून निघाले आणि सव्हिलाला समजले. तिचा चेहरा मी पाहिला. ते मी तुम्हाला सांगत बसणार नाही.

वरून काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज झाला. लोव्हायनाने स्वतःला पलंगावरून खाली लोटले होते. मोडक्या हाडाने ती जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बसत बसत उतरली. दातांत शालीचे टोक धरलेले होते, ओरडू नये म्हणून. "मोहरी आण," ती म्हणाली. "कोमट पाणी. ओकारी काढायची. पोरीला माझ्या मांडीवर दे आणि तू केटुराकडे पळ. तिच्या नवऱ्याला म्हणावं, घोडा घे आणि डॉक्टरला आण. कोट घालत बसू नकोस."

सव्हिला कोटाशिवाय बर्फात धावली.

लोव्हायनाने मोहरीचे पाणी पाजले. पोर ओकली. त्या ओकारीलाही माझाच वास होता. थोडे निघाले, पण पोटात राहायचे ते राहिले होते. दुपारपर्यंत एल्मायराला घाम सुटला. लोव्हायनाला ज्या घामाची आशा होती तो हा नव्हता. ताप उलट चढत गेला. निजल्या जागी ती धावून आल्यासारखी धापा टाकू लागली. छाती भराभर वरखाली होई. सव्हिला केटुराला घेऊन परत आली, आणि तिघी तिच्याभोवती बसल्या.

"आई," एल्मायरा म्हणाली, "मधमाश्या आत आल्यात."

"नाही गं राणी. थंडीच्या दिवसांत कुठल्या मधमाश्या?"

"केवढ्याने वाजतायत."

त्या तिच्या कानांत होत्या. माझे तेल अंगात भिनले की कानात गुंजारव सुरू होतो. सव्हिलाने तिचे दोन्ही कान हातांनी झाकले. "आता?"

"आहेत अजून," पोर म्हणाली. तिला आईचे बोलणे नीट ऐकू येईनासे झाले होते. आईच्या ओठांकडे बघून ती उत्तर देत होती.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधीच तिची धाप थांबली. डॉक्टर आला तेव्हा त्याच्या घोड्याच्या अंगावर बर्फ गोठलेले होते. काही करण्यासारखे उरले नव्हते. त्याने टेबलावरचा चमचा उचलून हुंगला आणि परत ठेवला.

"हे कुणी दिलं?"

"मी सांगितलं," लोव्हायना म्हणाली.

"मी दिलं," सव्हिला म्हणाली.

डॉक्टर लोव्हायनाचे मोडलेले हाड पुन्हा बसवून निघून गेला.

अमँडस दुसऱ्या दिवशी आला. फळीवरच्या बरण्या उचलून त्याने अंगणामागे नेल्या आणि बर्फात ओतल्या. ते तेल बर्फात खोल उतरले. त्या बाजूने वारा आला की घराला मिठाईच्या दुकानासारखा वास येई, आणि सव्हिला खिडकी लावून घेई. वसंतापर्यंत तो वास गेला नाही.

जमीन दगडासारखी गोठली होती. खड्डा खणण्यासाठी आधी त्या जागेवर लाकडे पेटवून माती मऊ करावी लागली. माती देऊन लोक घरी आले, तेव्हा बायका स्वयंपाकघरात कॉफी घेत बसल्या होत्या. माझ्या खिडकीजवळ केटुरा कुणाच्या तरी कानाशी लागली.

"भट्टीवाल्यांची मुलगी. जन्म त्याच्यात गेला. आणि तिला तेल कळू नये?"

लोव्हायना खुर्चीवर बसली होती. पाय फळकुटांना बांधलेला. तिचे कान अजून तिखट होते.

"केटुरा, इकडे ये. त्या दिवशी उतारावर हसायला कोण कोण होतं?"

केटुराने हातातला कप खाली ठेवला.

"मी होते. तू होतीस. आपल्याला तेव्हाच कळलं होतं की एकाच घरात एका शब्दाच्या दोन वस्तू आहेत. आपण काय केलं? थट्टा केली. वर्षानुवर्षं केली. आता सगळं हिच्या एकटीच्या पदरात घालू नकोस. मी म्हातारी माणूस. चहा म्हणाले, पानांचा म्हणाले नाही. तीन अक्षरं वाचवली मी."

सव्हिला चुलीपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. पण त्या दिवशी रात्री सासूला वर न्यायची वेळ आली, तेव्हा तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

काही दिवसांनी तिची नजर माझ्यावर पडली. माझी फळे अजून लाल होती. तिने वाडगा उचलला, मागचे दार उघडले आणि मला मातीसकट बाहेर बर्फात पालथे केले. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मीही तेच केले असते. बर्फ वितळल्यावर दाराजवळच्या पाइनखाली माझ्या मुळांना माती सापडली. आजही मी तिथेच आहे. स्वयंपाकघराचे दार माझ्यापासून दोन हातांवर.

तुम्हाला वाटेल की त्या घराने पुन्हा कधी भट्टी पेटवली नसेल. तसे झाले नाही, मित्रांनो. खडकाळ डोंगर. तिथे गहू पिकत नाही. वर्षभराने अमँडसने पुन्हा जाळ घातला. सव्हिला पुन्हा उतारावर पाने ओरबाडू लागली, पण आता ती खुडताना बोलत नसे. माझी पाने फाटली की वास येई आणि तिचे हात थोडे थांबत. मग पुन्हा चालू लागत.

त्या शरद ऋतूत म्हातारा युरायस गाडी घेऊन आला. सगळ्या भट्ट्यांचे तेल गोळा करून तो शहरात पोचवत असे. माझ्या शेजारी उभे राहून त्याने दार ठोठावले.

"काय जावईबापू, यंदा किती चहा उतरला?"

दार सव्हिलाने उघडले. "काय म्हणालात, बाबा?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "सवय आहे गं. साठ वर्षांची जीभ आहे ही."

"बरण्या आत आहेत. नाव घ्या, मग देते."

"नाव काय घ्यायचं त्यात? माझा बाप चहा म्हणाला, त्याचा बाप चहा म्हणाला. सगळा मुलूख म्हणतो."

"त्यांच्या घरातली पोरं वाचली, हे त्यांचं नशीब."

"तुझ्या एकटीच्या हट्टाने बोली बदलणार आहे का, सव्हिला?"

"ते मला माहीत नाही. पण या दारातून चहा बाहेर जाणार नाही."

ती चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली. आतून लोव्हायना काठी टेकत आली आणि सुनेच्या मागे उभी राहिली. तिचा पाय कायमचा आखूड झाला होता. युरायस आधी रागावला, मग गाडीत जाऊन बसला, पण गाडी हाकली नाही. घोडा पाय आपटत होता. बऱ्याच वेळाने तो खाली उतरला आणि परत आला. हातातली टोपी चोळामोळा झाली होती.

"तेल," तो म्हणाला. "तेल दे, पोरी."

"आणि शहरात दुकानदाराला काय सांगाल?"

"तेल सांगेन. पोटात घ्यायचं नाही, हे सांगेन."

सव्हिला दारातून बाजूला झाली.

नंतर ती बापाच्या गाडीत बसून पलीकडच्या खोऱ्यात गेली. प्रत्येक भट्टीवाल्याच्या दारात उभी राहिली आणि घरची बाई तोंडाने तेल म्हणेपर्यंत तिथून हलली नाही. पुढे कितीतरी वर्षे ती दर शरद ऋतूत तशी जात राहिली. काहींनी तिला वेडी ठरवले. काही तिच्या तोंडावर तेल म्हणायचे आणि तिची पाठ वळली की चहा. सगळे सुधारले असे मी म्हणणार नाही. पण तिला पाहिले की बायका बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवत, एवढे मी गाडीवाल्यांच्या तोंडून ऐकले आहे.

मित्रांनो, माझ्या पानांत वैर नाही आणि माझ्या तेलातही नाही. एकच मी, किटलीत वेगळी आणि बरणीत वेगळी. तुमच्याही घरात अशा वस्तू असतील. गोड वासाच्या, सुंदर रंगाच्या, बाटलीत ठेवलेल्या. त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारा, आणि मोठ्या माणसांना विचारल्यावाचून त्यातले काही तोंडात घालू नका. आणि कधी तुमच्यावर कुणाला औषध द्यायची वेळ आली, तर सव्हिलाची आठवण ठेवा. ती निष्काळजी नव्हती. तिने विचारले होते. किती द्यायचे, ते विचारले होते. कोणते द्यायचे, ते विचारायचे राहिले.

म्हणून बाटली हातात घ्या. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धरा आणि म्हणा, हीच ना? तो माणूस वरच्या खोलीत असेल, तुमच्या कडेवर रडणारे पोर असेल, पाय थकले असतील. तरी जिना चढा.